जळक्या वासाचा माग

हिमाचल प्रदेशात जुलै ते ऑक्टोबर हा सफरचंदांचा हंगाम. या दिवसांत कोटगढ, नारकंडा, ठियोग या भागांतील बागांमधून फळांच्या पेट्यांनी भरलेल्या लहान मालगाड्या सिमल्याकडे आणि तेथून पुढे काल्क्याच्या बाजूस उतरत असतात. या गाड्यांना देशात सर्वत्र पिकअप असेच म्हणतात. अशी एखादी गाडी सोलनच्या आसपास चहासाठी थांबावी, चालकाने दार उघडून पाय खाली टाकावा आणि त्याच क्षणी जळका वास नाकाशी यावा, हा प्रकार त्या रस्त्याला नवा नाही. धूर दिसत नाही. चालकासमोरच्या फळीवर एकही तांबडा दिवा लागलेला नाही. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच आहे. गाडीचे मालासह वजन अडीच टन आहे आणि बराच उतार अद्याप बाकी आहे.

या वेळी चालकापुढे दोन वाटा असतात. वास नाहीसा होईपर्यंत थांबावे आणि पुढे निघावे, ही पहिली. वास कशाचा ते शोधावे, ही दुसरी. बहुतेक जण पहिली वाट धरतात, आणि वास खरोखरच जातो, कारण जे तापले होते ते निवते. परंतु तापण्याचे कारण जागच्या जागी राहते व पुढील उतारावर पुन्हा आपले काम सुरू करते. दुसरी वाट वाटते तितकी बिकट नाही. त्यासाठी लागणारे पहिले उपकरण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निसर्गानेच बसवून दिलेले आहे.

नाकाची साक्ष

एखाद्या पदार्थाचे काही रेणू सुटून हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर नाकाच्या वरच्या पोकळीतील पेशींपर्यंत पोहोचतात, तेव्हा वासाची जाणीव होते. या पेशींवर रेणूंना पकडणारी निरनिराळ्या प्रकारची प्रथिने असतात. ही प्रथिने ज्यांच्यामुळे तयार होतात त्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी कार्यक्षम प्रथिने सुमारे ४०० प्रकारची आहेत. एकच रेणू त्यांपैकी अनेकांना कमीअधिक प्रमाणात चेतवतो, आणि त्या मिश्र संदेशावरून मेंदू वास ओळखतो. अशा व्यवस्थेमुळे थोड्या प्रथिनांवर असंख्य वासांचा भेद करता येतो.

मात्र या उपकरणात एक उणीव आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याला सरावते व त्याची वार्ता मेंदूला देईनासे होते. चार तास गाडीत बसलेल्या चालकाला जो वास जाणवत नाही तो चहाच्या टपरीवरील पोऱ्याला दहा पावलांवरून येतो. म्हणून वासाचा माग काढावयाचा तर आधी गाडीपासून दूर, मोकळ्या हवेत दोन-चार मिनिटे उभे राहावे आणि मग परत येऊन गाडीभोवती सावकाश एक फेरी घालावी. पहिला श्वास सर्वांत विश्वसनीय असतो. बरोबर किन्नर असेल तर त्यालाही वेगळी फेरी घालावयास सांगावे आणि दोघांनी आपापले मत नंतरच बोलून दाखवावे; एकाने “क्लच जळतोय” असे म्हटले की दुसऱ्यालाही तोच वास येऊ लागतो.

जळका वास हा शब्द तसा ढोबळच आहे. स्वयंपाकघरात मराठी माणूस करपट, धुरकट आणि जळकट यांत गल्लत करीत नाही. दूध लागले की लाकूड धुमसते आहे हे तो दुसऱ्या खोलीतून सांगतो. गाडीपाशीही तसाच भेद करावयास हवा. बहुतेक प्रसंगी तेथे ज्वाला नसतेच. प्रत्येक पदार्थाचे रेणू एका विशिष्ट तापमानापुढे तुटू लागतात आणि त्यांचे तुकडे वायुरूपाने बाहेर पडतात. वासावरून पदार्थ कळतो. तो पदार्थ गाडीत कोठे कोठे वापरला आहे हे ठाऊक असले की जागा कळते. जागेवरून कारण मात्र आपोआप कळत नाही. तेथे हाताने आणि डोक्याने काम करावे लागते, व बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या नेमक्या याच ठिकाणी होतात.

फेरी घालण्यापूर्वी चार गोष्टी करावयाच्या असतात. गाडी शक्य तो सपाट जागी, वाळलेल्या गवतापासून दूर उभी करावी. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांना दगड लावावेत. मागील ब्रेक अतिशय तापले असण्याचा संभव असल्यास हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण तापलेल्या ड्रमवर आवळलेले लायनर तसेच चिकटून बसू शकतात. बॉनेटच्या फटींतून धूर येत असेल तर ते सताड उघडू नये. आत धुमसणाऱ्या आगीला त्यामुळे एकदम भरपूर हवा मिळते. भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी घेऊनच ते किंचित उचलावे.

इंजिनाच्या पेटीत

चालत्या गाडीत हवा पुढून मागे वाहते. यामुळे इंजिनाच्या पेटीतील वास समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून चालकाच्या खोलीत शिरतो, तर मागील चाकांचा वास चालत्या गाडीत चालकापर्यंत सहसा पोहोचत नाही. तो मागून येणाऱ्या गाडीला मिळतो. वेगात असताना वास येत होता आणि बाहेरील हवेची झडप बंद करताच तो कमी झाला, असे असेल तर संशय इंजिनाच्या पेटीकडे वळतो. गाडी थांबल्यावरच वास आला असेल तर चाकांकडे.

इंजिनापाशी येणारा सर्वांत नेहमीचा वास तापलेल्या तेलाचा. त्याला कढईतील जुन्या तेलासारखा जाड, चिकट दर्प असतो. इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाखाली रबराचे पॅकिंग असते. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले की तेलाचे थेंब झिरपून शेजारच्या धुराच्या लोखंडी नळीवर पडतात. त्या नळीचे तापमान कित्येक शे अंशांपर्यंत जात असल्याने तेल पडताच धुराची बारीक रेघ उठते. झाकणाच्या कडेवरून बोट फिरविले की ओलसर काजळी हाताला लागते. उपाय साधा आहे: पॅकिंग बदलणे आणि झाकणाचे बोल्ट ठरविलेल्या क्रमाने व ठरविलेल्या जोरानेच आवळणे. अधिक आवळल्यास गळती थांबेल ही समजूत चुकीची आहे. त्याने झाकण वाकते आणि गळती वाढते.

रबराचा वास ओळखावयास कोणालाच अडचण पडत नाही. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर बनविण्याची रीत शोधून काढली, आणि टायरसारख्या रबरी वस्तूंत आजही गंधक असते. जळत्या टायरच्या उग्र दर्पात त्याचा वाटा आहे. इंजिनापाशी हा वास आला तर प्रथम पट्टा पाहावा. पट्टा सैल होऊन घसरत असेल तर त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झालेली दिसते. पण पट्टा ज्यांवरून फिरतो त्या चाक्यांपैकी एखादी अडकली असली तरीही पट्टा असाच भाजतो. इंजिन बंद असताना पट्टा उतरवून प्रत्येक चाकी हाताने फिरवून पाहिल्यावाचून नवा पट्टा चढविणे म्हणजे दुसरा पट्टा जाळण्याची तयारी करणे होय.

गोडसर, पाकासारखा वास आला तर तो रेडिएटरमधील इथिलीन ग्लायकॉलचा. कोठे तरी गळणारे ते पाणी तापल्या धातूवर वाफ होत आहे असे समजावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहूनही अधिक तापलेले असू शकते. हे द्रव्य चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेले थारोळे जनावरांच्या तोंडी लागणार नाही हेही पाहावे लागते.

ज्याला वास मुळीच नाही असा एक वायू येथे ध्यानात ठेवला पाहिजे. धुराच्या नळीला भोक पडले तर कार्बन मोनॉक्साइड चालकाच्या खोलीत शिरू शकतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जखडून बसतो. डोके जड होणे, मळमळ, अकारण झोप येणे ही त्याची लक्षणे. गाडीत धुराचा किंचित वास आणि त्यासोबत डोकेदुखी असा योग आला तर काचा उघडून गाडी तत्काळ थांबविणे हाच मार्ग.

शाबूत फ्यूज आणि वितळलेली तार

तारांवरील प्लॅस्टिकचे वेष्टन तापले की नाकाला झोंबणारा, घसा खवखवविणारा वास येतो. या वेष्टनात पीव्हीसी असल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते, म्हणून तो झोंबतो. हा वास आला की तर्क करीत बसू नये. बॅटरीची ऋण टोकाकडील तार आधी सोडावी आणि मग पाहणी करावी.

येथे एक कोडे नेहमी पडते. तार वितळलेली असते, पण फ्यूज शाबूत असतो. मग फ्यूज खराब होता असा निष्कर्ष काढला जातो, किंवा फ्यूजवर दोष ठेवून त्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. थोडे गणित केले तर फ्यूज निर्दोष असल्याचे दिसते. बारा व्होल्टवर साठ वॅटचा दिवा पाच अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम. आता त्या मंडलातील एक सांधा गंजून सैल झाला आणि त्याचा रोध अर्धा ओहम भरला असे धरू. एकूण रोध २.९ ओहम झाला. प्रवाह वाढण्याऐवजी उतरून ४.१ अँपिअरवर आला. प्रवाह कमीच झाल्यामुळे फ्यूज वितळण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या ज्यूलच्या नियमाप्रमाणे त्या सांध्यात साडेआठ वॅट उष्णता उत्पन्न होत राहते. वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकने वेढलेल्या स्थितीत, एवढी उष्णता वेष्टन वितळविण्यास पुरेशी आहे.

असा सांधा शोधण्यास व्होल्टमापक उपयोगी पडतो. दिवा लावून सांध्याच्या दोन बाजूंस मापकाची टोके लावावीत. चांगल्या सांध्यात काटा जेमतेम हलतो. वरील उदाहरणात तो दोन व्होल्ट दाखवील. अधिक दिवे, अधिक आवाजाचे भोंगे, गाणी वाजविणारी पेटी हे सारे जेथे रस्त्याकाठी जोडले गेले असेल तेथून शोधास आरंभ करावा. कारण दोन तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे बहुधा तेथेच आढळतात. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे दुसरे कारण.

क्लच की ब्रेक?

सोलनपाशी थांबलेल्या आपल्या गाडीत यांपैकी काही नाही असे समजू. तेल कोरडे, पट्टा ठीक, तारा थंड. वास आहे तो करपट, कडवट, जुन्या बेकेलाइटच्या तापलेल्या विजेच्या बटणासारखा. ही तुलना केवळ कल्पनेची नाही. लिओ बेकलँड याने १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्मॅल्डिहाइड यांपासून बनविलेली राळ म्हणजेच बेकेलाइट. आणि त्याच कुळातील फिनॉलिक राळ आज ब्रेकच्या पॅडमधील व क्लच प्लेटमधील तंतू आणि धातूचे कण एकत्र बांधून ठेवते. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे ती विघटित होऊ लागते. दोन्ही भागांत बांधणारा पदार्थ एकाच जातीचा असल्यामुळे निव्वळ वासावरून क्लच आणि ब्रेक यांत निवाडा करणे अनुभवी कारागिरालाही जड जाते.

निवाडा रस्ता करतो. चढावर, अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवल्यावर, किंवा भरलेली गाडी चढात सुरू करताना आलेला वास क्लचचा. उतारावर आलेला वास ब्रेकचा. क्लचची परीक्षा हवीच असेल तर सपाट जागी चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. इंजिन धडपडून बंद पडले तर क्लच पकडतो आहे. फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच आणि क्षणभरच करावी, कारण घसरणारा क्लच तिच्यात आणखी जळतो. ज्या चालकाचा डावा पाय विश्रांतीसाठी क्लचच्या पट्टीवर असतो त्याला नवी प्लेटही फार दिवस पुरत नाही.

शंभर लिटर पाणी

उतारावर ब्रेकला नेमके किती काम पडते? सिमल्याचे रेल्वेस्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे २,०७६ मीटर उंचीवर आहे आणि काल्क्याचे ६५६ मीटरवर. अंतर १,४२० मीटर. २,५०० किलोग्रॅमची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा तिची सुमारे साडेतीन कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा कोठे तरी जावी लागते. वीस अंशांचे शंभर लिटर पाणी उकळीस आणण्यास साधारण तेवढीच ऊर्जा लागते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण तिच्यातील काही हिस्सा घेतात. उरलेली ऊर्जा इंजिनाने घ्यावयाची किंवा ब्रेकने. खालच्या गिअरमध्ये गाडी उतरविली तर इंजिनाचे घर्षण आणि हवा आत ओढण्या-दाबण्याचे काम यांत मोठा भाग खर्च होतो व ती उष्णता रेडिएटर व धुराची नळी यांवाटे निघून जाते. डिझेल वाचविण्याच्या इच्छेने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सारा भार चार चाकांतील ब्रेकवर येतो. यात डिझेलची बचत होते हेही खरे नाही. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते.

तापलेल्या ब्रेकचा खरा धोका वासात नाही, त्याच्या मागोमाग येणाऱ्या दोन गोष्टींत आहे. राळेतून सुटणारा वायू आणि उष्णता यांमुळे पॅडची पकड कमी होते. पट्टी नेहमीइतकी दाबूनही गाडी आवरत नाही. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचविणारे ब्रेकतेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे; ठरावीक प्रमाणात पाणी शोषलेल्या तेलाबाबत हीच मर्यादा १४० अंशांवर उतरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. जुने तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. चालकाचा पाय तळापर्यंत जातो आणि चाकावर काहीच जोर पडत नाही. सोलनपाशी आलेला वास ही या अवस्थेच्या आधीची पायरी असू शकते, म्हणून तेथे अर्धा-पाऊण तास थांबणे आवश्यकच असते. तापलेल्या ब्रेकवर गार पाणी मात्र ओतू नये. ओतीव लोखंडाची चकती एकाएकी आकसून तडकते किंवा वाकडी होते.

एकच चाक तापले असेल तर

फेरी घालताना प्रत्येक चाकाजवळ हाताची मागील बाजू, स्पर्श न करता, धरून पाहावी. चारही चाकांतून किंवा पुढील दोन्ही चाकांतून सारखीच धग येत असेल तर दोष बहुधा उतरविण्याच्या पद्धतीचा. एका चाकाची धग इतरांहून पुष्कळ अधिक असेल तर प्रश्न वेगळा आहे: तो ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नाही, घासतच राहतो.

गाडी चालविणाऱ्याच्या हे ध्यानात कसे येत नाही, असे वाटणे साहजिक आहे. घासणाऱ्या ब्रेकचा अडथळा शंभर न्यूटन, म्हणजे दहा किलोग्रॅम वजनाएवढा आहे असे धरू. अडीच टनांच्या गाडीला केवळ टायरच्या घर्षणामुळेच याच्या दुप्पट-तिप्पट अडथळा होत असतो. त्यात एवढी भर पडल्याचे पायाला कळत नाही. पण ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर वेगाने तो अडथळा ओढला की दर सेकंदास ११०० ज्यूल उष्णता होते. घरातील विजेची इस्त्री साधारण तितक्याच शक्तीची असते. एक इस्त्री पॅडला टेकवून तासभर तशीच ठेवली तर काय होईल हे सांगावयास नको.

कारखान्यात अशी गाडी आली की पुष्कळदा भाजलेले पॅड काढून नवे घातले जातात आणि काम संपले असे समजले जाते. महिन्याभरात तोच वास परत येतो. पॅड जळाला हे खरे, पण तो कोणी जाळला हे विचारलेच गेले नाही. उत्तर मिळविण्याची रीत सुटसुटीत आहे आणि तिला पाना व जॅक याहून फारसे काही लागत नाही.

सपाट जागी, इतर चाकांना अडणी लावून, संशयित चाक जॅकने उचलावे व गाडीखाली भक्कम घोडी द्यावी. ब्रेक एकदा दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करावा. आता दोनपैकी एक गोष्ट घडते. तेल जोराने उसळून चाक मोकळे झाले, तर पाय काढल्यावरही नळीत दाब कोंडून राहत होता. तेल आले पण चाक जडच राहिले, तर दाबाचा संबंध नाही. कॅलिपरमधील दट्ट्याच गंजून अडकला आहे, किंवा ज्या खिळ्यांवर कॅलिपर सरकतो ते सुकून बसले आहेत.

दाब कोंडतो असे ठरले तर पुढचा प्रश्न: कोठे? स्क्रू आवळून ब्रेक पुन्हा दाबावा, आणि या वेळी रबरी होजपाईप लोखंडी नळीला जेथे जोडला आहे तो सांधा सैल करावा. येथे दाब सुटून चाक मोकळे झाले तर अडथळा त्याहून वर, मास्टर सिलिंडरकडे आहे. येथे सोडूनही चाक जडच राहिले आणि खालचा स्क्रू सोडताच मोकळे झाले तर दोष त्या होजपाईपचा. बाहेरून धडधाकट दिसणारा हा पाईप आतून सुजतो. त्याच्या आतील अस्तराची पापडी सुटून झडपेसारखी वागू लागते. पायाच्या मोठ्या जोराने तेल तिला ढकलून चाकाकडे जाते, पण परतताना त्याच्यामागे तो जोर नसल्याने अडते. शंभर वेळा पॅड बदलून हा दोष जाणार नाही.

मास्टर सिलिंडरचा दोष असल्यास तो सहसा एका चाकापुरता राहत नाही. त्यात एक सूक्ष्म छिद्र असते. पाय काढल्यावर, आणि तापल्यामुळे तेल प्रसरण पावल्यावर, जादा तेल त्यातून टाकीत परत जाते. घाणीने ते छिद्र बुजले, किंवा पट्टीचा दांडा चुकीने लांब बसवून दट्ट्या थोडासा दाबलेलाच राहिला, तर तेलाला परतीची वाट उरत नाही. मग ब्रेक घासतो, घासल्याने तेल तापते, तापल्याने फुगते आणि फुगल्याने ब्रेक आणखी आवळला जातो. हे चक्र एकदा सुरू झाले की वीस-पंचवीस किलोमीटरांतही गाडी जागच्या जागी जखडल्याची उदाहरणे कारागीर सांगतात. पट्टीला वरच्या बाजूस बोटभर मोकळी हालचाल आहे की नाही एवढे पाहण्याने हा एक संभव मिटतो.

दुरुस्ती करताना ब्रेकमधील भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. लायनर कोणत्या काळचा आहे हे दिसण्यावरून सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकणे बरे. अतिशय तापलेल्या ब्रेकमधील तेल करपलेले असते; ते सर्व काढून बंद डब्यातील नवे भरावे. एरवीही दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा प्रघात आहे. पॅड मात्र डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस खेचते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दिवशी नव्या पॅडमधील राळ बसेपर्यंत थोडा करपट वास येतोच, आणि तो दोन्ही चाकांपाशी सारखा असतो. तसेच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांनुसार बनलेल्या अनेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी ती मधूनमधून सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापते. त्या वेळी येणारा तापल्या लोखंडासारखा वास दोषाचा नव्हे, पण तेव्हा गाडी सुक्या पेंढ्यावर उभी करणे धोक्याचे आहे. ब्रेकची शेवटची परीक्षा सपाट रस्त्यावर घेतात. सहा-सात किलोमीटर गाडी चालवावी, शेवटचा टप्पा ब्रेकला फारसा हात न लावता संपवावा, गाडी वेग मंदावून आपोआप थांबू द्यावी आणि उतरून दोन्ही पुढील चाकांजवळ हात धरावा. डावीकडची धग उजवीकडच्याइतकीच भरली की सफरचंदांच्या पेट्या पुन्हा चढवावयास हरकत नाही.